एकोणपन्नास सेंटिमीटरचा हात

मंगळवार, तुझ्या तेराव्यानंतरचा सहावा दिवस. रक्कम तीन लाख पंच्याण्णव हजार नऊशे. हजर: आपले दहा मागवाले, वहिनी, कराडच्या वकीलबाई आणि मी. जागा तुझी मागाची शेड. वेळ सकाळी साडेदहा, म्हणजे ठरली होती दहाची, पण सोपानकाका आल्याशिवाय सुरू करायचं नाही असं वहिनींनी बजावलं होतं.

काका आले. अडीच वर्षांत त्यांनी तुझा उंबरा ओलांडला नव्हता. तुझ्या मयताला आले ते लांब लिंबाखाली उभे राहिले आणि तिथूनच गेले. मंगळवारी दारात चपला काढल्या, आत बघितलं, आणि रिकाम्या मागाकडं बघत म्हणाले, "म्हादा, म्या आलोय रं."

दादा, तुला हे सगळं कळवायला हवं. तू असतास तर मी फोनवर सांगितलं असतं आणि तू मध्येच म्हणाला असतास, "शके, आकडं नगो वाचूस, गोष्ट सांग." आता अडवायला तू नाहीस, तरी गोष्टच सांगते. आकडे लागतील तेवढेच.

खरं सांगायचं तर मला हलकं वाटतंय. भाऊ जाऊन वीस दिवस झालेले नाहीत आणि हलकं वाटतंय, हे कुणाला बोलून दाखवायची चोरी आहे. शेजारच्या बायका येतात, हात धरतात, डोळे पुसतात, आणि मी आतल्या आत म्हणते, गेला, पण चोर म्हणून गेला नाही.

सुरुवात टेपापासून करायला हवी. मी माधवनगरहून अकरा स्टीलचे टेप घेऊन आले होते, आठवतं? आपल्या गटाची घोंगडी त्या मोठ्या ऑनलाइन दुकानावर नुकती जायला लागली होती आणि एका आठवड्यात अकरा परत आली. कारण एकच, माप कमी. माप कमी असणारच. तुम्ही सगळे हातानं मोजणार, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. सहा हात लांब, तीन हात रुंद. पण तू ताडमाड, सोपानकाका बुटके. तुझ्या सहा हातांत आणि त्यांच्या सहा हातांत जवळजवळ फूटभराचा फरक. गिऱ्हाईक बंगळुरूचं, त्याला सोपानकाकांच्या कोपराशी काय देणंघेणं?

मी टेप वाटले. महिन्याभरानं आले तर काकांच्या टेपानं त्यांची सून दुधी भोपळ्याचा मांडव मोजत होती. तुझा टेप खुंटीला. आणि तू बाभळीच्या फांदीच्या अकरा काठ्या तासून ठेवल्या होत्यास, प्रत्येक तुझ्या हाताएवढी.

"आता अकरा जणांचा हात एकच," तू म्हणालास. "मिटलं तुझं?"

मी एक काठी टेपाला लावली. एकोणपन्नास सेंटिमीटर. मी म्हटलं, "दादा, हात म्हणजे अठरा इंच. पंचेचाळीस पूर्णांक बहात्तर. तुझ्या काठीनं प्रत्येक घोंगड्यात शेकडा पंधरा लोकर जास्त जाते. फुकट."

"त्यो अठरा इंची हात कुणाचा हाय?"

"सगळ्यांचा."

"सगळ्यांचा म्हंजी कुणाचाच न्हाई. ह्यो माझा हाय."

वहिनी घोंगड्यांना द्यायची चिंचोक्याची खळ ढवळत होत्या, त्या न बघताच म्हणाल्या, "वन्सं, सोडा. लगनात ह्यांनी माझी चोळी बी ह्याच हातानं मापून आणली हुती. आजून ढगळ हाय."

मग दुकानाच्या पानावर तुझाच आकडा गेला. लांबी २९४, रुंदी १४७. जगातल्या कुठल्याही गिरणीत या मापाचं कापड निघत नाही. मी तुला म्हटलं, हा आकडा तुला एक दिवस बुडवणार. तू म्हणालास, शंभराची पैज. मी हात पुढं केला. मी पैज लावत नाही, तुला ठाऊक आहे. तेवढी एकच लावली.

यानंतर मी जे केलं ते तुला कधी सांगितलं नाही. ते शेवटी सांगते. आधी त्या दुकानानं काय केलं ते.

चार महिन्यांनी वहिनींनी फोन केला. आपल्या पानाच्या वर, अगदी पहिल्या ओळीत, दुसरं घोंगडं दिसायला लागलं होतं. ब्रँड त्या दुकानाचाच, स्वतःचा. किंमत आठशे नव्याण्णव. आपलं चोवीसशे. 'पारंपरिक हातमाग घोंगडी' असं नाव, आणि खाली वर्णन. मी वर्णन वाचत गेले आणि मापाशी थांबले. लांबी २९४, रुंदी १४७.

मी एक मागवलं. माझ्या पैशानं, पावती जपून. पार्सल उघडलं नाही, तसंच एसटीनं गावाला आणलं आणि तुझ्यासमोर फोडलं. वहिनींनी ते नाकाला लावलं. "ह्यात चिंचोका न्हाई," म्हणाल्या, "आन् मेंढरू बी न्हाई." तू काठी घेतलीस. लांबीला पावणेपाच हात भरले नाहीत. रुंदीला तीन हात आणि वर तीन बोटं. मी टेप लावला: नव्वद इंच, साठ इंच. गिरणीचं साधं ब्लँकेट, कुठल्याही बाजारात मिळणारं. आत एक माप, पानावर दुसरं. पानावरचं तुझं.

तुला राग आला असेल असं मला वाटलं. तू हसलास. "शके, चोरानं शर्ट चोरला आन् माझं नाव शिवल्यालं तसंच ठिवलं बघ."

हसू पंधरा दिवस टिकलं. मग त्यांची नोटीस आली की तुमचं वर्णन आमच्या ब्रँडच्या वर्णनाशी जुळतं, तुमचा माल नक्कल असल्याचा संशय आहे, तपास होईपर्यंत खातं बंद. आणि खात्यात अडकलेले, विकून पोचलेल्या दोनशे चौदा घोंगड्यांचे पैसे बंद. दुकान त्यांचं, दुकानात आपला माल, शेजारी त्यांचा माल, आणि नक्कल कुणी केली ते ठरवणार तेच.

गावात हे कुणाला समजावणार? त्यांना एवढंच दिसत होतं की म्हादानं घोंगडी नेली आणि पैसे दिले नाहीत. सोपानकाकांची एकतीस होती. ते चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हादानं पैसं खाल्लं." तू घरी आलास आणि त्या दिवशी मागावर बसला नाहीस, असं वहिनींनी मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं. पैसे अडकल्याचं तुला दुःख नव्हतं. तिकडं नकली ठरलास, इकडं चोर ठरलास, आणि दोन्हीकडं ज्या आकड्यानं तू खरा ठरणार होतास तो आकडा तुझ्या कोपराखाली होता.

मी तुला तेव्हा काय सांगितलं? मी म्हटलं, सोड. दुसरीकडं विकू, दहा-वीस घोंगडी जत्रेत जातील. मोठ्याशी भांडायचा खर्च छोट्याला परवडत नाही. आमच्या माधवनगरात गिरणी बंद पडली तेव्हा ह्यांनी सात वर्षं देणी मागत तारखा केल्या, एसटीचं भाडं मी लिहून ठेवलंय, मिळालं त्यातलं निम्मं भाड्यात गेलं. मी हे तुला दोनदा ऐकवलं. तू तिसऱ्यांदा म्हणालास, "भावजींनी देणी मागितली. मी देणी न्हाई मागत. मी इचारतोय, माझा हात त्यांच्याकडं कसा गेला?"

मग तू वकीलबाईंकडं गेलास. मोठ्या कंपन्यांची बाजारातली दादागिरी तपासणाऱ्या दिल्लीच्या आयोगाकडं तक्रार करायला आपल्यासारखे आणखी अठरा छोटे विक्रेते त्यांनी जोडून घेतले होते, कुणी पितळी दिवे विकणारा, कुणी लाकडी खेळणी. सगळ्यांचं दुखणं थोड्याफार फरकानं एकच: आमचं काय खपतं हे दुकानाला आमच्याआधी कळतं, मग तेच दुकान स्वतः काढतं, स्वतःचं वर ठेवतं, आमचं खाली ढकलतं. पण म्हणणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. कंपनी म्हणायची, दिवा दिव्यासारखाच असणार, घोडा घोड्यासारखाच. आम्ही कुणाचं काही बघत नाही. वकीलबाई मला नंतर म्हणाल्या, "एकोणीस जणांत ज्याचं माप जगात दुसऱ्या कुणाचंच नव्हतं असा एकच होता, तुमचा भाऊ."

तुझा जबाब झाला तो दिवस. वकीलबाईंचं ऑफिस, समोर टीव्हीएवढा पडदा, पडद्यावर दिल्लीहून आयोगाचे चौकशी अधिकारी आणि एका कोपऱ्यात कंपनीचे वकील. तू इस्त्रीचा सदरा घातला होतास आणि डावी बाही दुमडून ठेवली होतीस. कशाला, ते मला कळलं नाही. तू बोलायचास, वकीलबाई हिंदीत सांगायच्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे माप कुठून आलं? तू टेबलावर कोपर टेकवलंस, हात आडवा ठेवलास आणि शेजारी काठी लावलीस. कॅमेऱ्यासमोर. काठी आणि हात एकाच ठिकाणी संपले.

कंपनीचे वकील म्हणाले, हे प्रमाणित माप नाही, याला काही अर्थ नाही.

तू वकीलबाईंना थांबवलंस आणि स्वतःच म्हणालास, "बराबर हाय सायेब. माझं माप परमाणित न्हाई. मग त्ये तुमच्या मालावर कसं आलं?"

वकीलबाईंनी ते हिंदीत सांगितलं.  मग अधिकाऱ्यांनी कंपनीला सांगितलं की ही नोंद आपल्याकडं कुणी, कधी, कशावरून भरली, ते सादर करा. तिथून सगळं फिरलं. त्यांच्याच माणसाची नोंद निघाली, आपलं पान उघडून, विक्रीचे आकडे बघून, वर्णन जसंच्या तसं उचलल्याची. मग दिव्यांचं निघालं, खेळण्यांचं निघालं.

बाहेर आल्यावर तू उसाचा रस मागितलास आणि दोन ग्लास प्यालास. मी म्हटलं, साखर वाढेल. "वाढू दे. आज हातानं कमवलीय."

निकाल आला तेव्हा तू कराडच्याच दवाखान्यात होतास. श्वास पुरत नव्हता, बोलताना मध्ये थांबायचास. वकीलबाईंचा फोन मी कॉरिडॉरमध्ये घेतला आणि कागदावर उतरवून घेतलं, कारण मला तोंडी गोष्टीचा भरवसा नाही. मग आत येऊन तुला वाचून दाखवलं. कंपनीनं विक्रेत्यांची माहिती वापरून स्वतःचा माल काढला. स्वतःचा माल वर ठेवला. हे थांबवावं. दंड. अडवलेली देणी द्यावीत. नक्कल ठरवलेली खाती खुली करावीत. आणि एका परिच्छेदात तो आकडा होता, २९४ गुणिले १४७. तू तेवढा परिच्छेद तीनदा वाचायला लावलास.

नर्सबाई सलाईन बघायला आल्या. तू त्यांच्यापुढं हात लांब केलास. "बघा ओ बाई, ह्यो हात दिल्लीला गाजलाय."

त्या म्हणाल्या, "आजोबा, गाजलाय तर गाजलाय, हलवू नका, सुई निघंल."

तू हसलास आणि खोकलास. मग डोळे मिटून म्हणालास, "सोपानकाकाला कळवलं का?"

मी म्हटलं, कळवते. पण कळवलं नाही, दादा. मला वाटलं, पैसे हातात पडल्यावर सांगावं, नुसत्या कागदावर काका विश्वास ठेवणार नाहीत. माझा हिशेबी स्वभाव. चौथ्या दिवशी दुपारी तू गेलास, झोपेत, चेहऱ्यावर कसलाही ताण नव्हता. तू मला आणखी काही विचारलं नाहीस, म्हणजे काकांना कळलंय असंच समजून गेला असशील. ही चूक मी तुझ्याबाबतीत केली, आणि ती कशातून वजा होत नाही.

सगळं जिंकलो असंही लिहिणार नाही, कारण तसं नाही. दंड सरकारच्या तिजोरीत जाईल, आपल्याला त्यातला रुपया नाही, आणि त्याविरुद्ध कंपनी वर गेली आहे. आपलं पान उघडलं, पण परवा मी शोधलं तर ते चौथ्या पानावर सापडलं. त्यांचं घोंगडं मात्र निघालं. ते पान आता उघडत नाही. मी रोज एकदा उघडून बघते.

आता मंगळवारचं. दुकानाची दलाली कापून घोंगड्यामागं साडेअठराशे आले; त्यातले सोळाशे मागवाल्याचे, उरलेले अडीचशे खळ, बांधणी आणि पाठवणी यांचे, असं तूच ठरवून ठेवलं होतंस. त्याप्रमाणे चेक लिहिले. तुझ्या अठ्ठावीस घोंगड्यांचा चेक वहिनींना. वकीलबाईंनी त्यांची फी आधीच सांगितली होती, तीही दिली, बांधणीच्या पैशातून. त्यांनी ठरलेल्याच्या तिसऱ्या भागाएवढीच घेतली आणि बाकीच्या फीच्या बदल्यात एक घोंगडं मागितलं. तुझ्या मापाचं.

सोपानकाकांचा चेक एकोणपन्नास हजार सहाशेचा. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, वाचता येत नसताना बराच वेळ बघितला.

"म्या त्याला चोर म्हणालो हुतो," ते म्हणाले. "चावडीवर. आता कुठं जाऊन परत घिऊ?"

मला वाटलं वहिनी म्हणतील, जाऊ द्या काका, झालं गेलं. त्यांनी चिंचोके निवडता निवडता मान वर केली. "चावडीवरच घ्या की. तुमी तितंच म्हणाला हुता."

 काका उठले. आम्हाला वाटलं रागावले. चपला घातल्या आणि चालायला लागले, घराकडं न जाता चावडीकडं. दोघं-तिघं मागं गेले. मीही गेले. पारावर सात-आठ माणसं बसली होती. काका मध्ये उभे राहिले, चेक वर धरला आणि म्हणाले, "म्हादानं पैसं खाल्लं न्हाईत. म्या खोटं बोललो. ह्ये बघा." एकानं विचारलं, "किती हाय काका?" काका म्हणाले, "किती हाय ते सोड रं गड्या. कुणामुळं हाय ते बघ."

दादा, मला त्या पारावर रडू आलं. तुझ्या मयताला आलं नव्हतं.

परत आले तेव्हा शेडमध्ये वहिनी एकट्याच होत्या. मग मी पर्समधून शंभराची नोट काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. म्हटलं, दादाशी पैज लावली होती, हरले. आणि जे तुला कधी सांगितलं नाही ते त्यांना सांगितलं. काठ्या वाटल्यावर दोन महिन्यांनी मी माधवनगरात बसून आपल्या पानावरचा आकडा बदलला होता. पासवर्ड माझ्याकडं होता. २७४, १३७, जगाच्या रीतीचं माप. पुढच्या फेरीत नव्या काठ्या पाडून आणायच्या, असा बेत होता. दोन दिवसांनी तुझा फोन आला, "शके, कंपनीनं माझा आकडा बदलला बघ. म्या तासभर बसून परत घातला." मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. तू परत घातला नसतास तर त्यांनी माझा आकडा उचलला असता. तो कुणाचाही असू शकला असता. दिल्लीला दाखवायला काही उरलं नसतं. माझ्या बरोबर हिशेबानं तू कायमचा चोर ठरला असतास.

वहिनींनी ऐकून घेतलं. "वन्सं," त्या म्हणाल्या, "त्यांना ठावं हुतं."

"कसं?"

"त्या पानावर दिसतंय म्हनं, कुणी बदललं त्ये. तुमचं नाव हुतं. मला म्हनाले, तिला काय बोलू नगंस. हिशेब तिचा बराबर हाय. पर हात माझा हाय."

 तुझ्याशी वाद घालायची इतकी सवय होती की उत्तर शोधायला लागले. सापडलं नाही. बरं वाटलं.

वहिनींनी नोट उचलली, घडी घातली आणि पदराच्या टोकाला बांधली. उद्याच्या बाजारात चिंचोके आणायचे होते. वकीलबाईंच्या घोंगड्याला खळ लागणार होती, आणि ते सोपानकाका तुझ्या मागावर विणणार आहेत, तुझ्या काठीनं.

तेव्हा शेवटची नोंद अशी. दिले रुपये शंभर, महादेवदादाला, पैज हरल्याबद्दल. घेतले वहिनींनी. येणं-देणं काही बाकी नाही.